ताजी कोळंबी ओळखायची कशी? (डोक्यासकट, सोललेली, गोठवलेली)

निळाई

कोळंबी घेताना नजर आधी आकारावर जाते, मग रंगावर. ताजेपणा या दोन्हींतून कळत नाही. मोठी कोळंबी शिळी असू शकते, आणि रंग तर जातीनुसार, पाण्यानुसार, खाल्लेल्या खाद्यानुसार बदलतो. माझ्या मते पहिल्यांदा बघायची जागा म्हणजे डोकं आणि धड जुळतात तो सांधा.

कारण असं, की कोळंबीचं यकृत आणि स्वादुपिंड वेगवेगळं नसतं. दोघांचं काम करणारा एकच अवयव डोक्याच्या कवचात असतो आणि तो पाचक रसांनी भरलेला असतो. जिवंत असेपर्यंत हे रस खाल्लेलं पचवतात. मेल्यावर अवयवाची भिंत फुटते आणि तेच रस कोळंबीचं मांस विरघळवायला लागतात. म्हणून ती आधी डोक्यात आणि मानेपाशी पिळपिळीत होते. शेपटीकडचं मांस बरंच नंतर बिघडतं.

एका हातात धड, दुसऱ्या हाताच्या चिमटीत डोकं धरून अगदी हलका ताण द्या. ताज्या कोळंबीत सांध्यावरची पातळ त्वचा ताणली जाते पण फाटत नाही, सोडल्यावर डोकं जागच्या जागी बसतं. उतरलेल्या कोळंबीत डोकं आपसूक लोंबत असतं, फटीतून पिवळट-तपकिरी पाणी येतं आणि मानेजवळचं मांस बोटाला चिकट लागतं. डोकं नुसतं उचलताच निखळून हातात आलं तर पुढे काही तपासायची गरज नाही.

डोकं काढलेल्या कोळंबीत काय बघायचं, काळे डाग म्हणजे नासलेलीच का, आणि गोठवलेल्या पाकिटात हात लावता येत नाही तिथे काय करायचं, हे जाणकारांनी लिहावं.

दर्यावर्दी

सांध्याबद्दल पूर्ण सहमत. त्यानंतर वास. पण वास घ्यायची पद्धत बहुतेकांची चुकते. ढिगावर नाक नेलं तर बर्फाचा, ट्रेचा, शेजारच्या माशांचा असे सगळे वास एकत्र येतात. शिवाय बर्फातली वस्तू थंड असेपर्यंत वास फार कमी सोडते. एकच कोळंबी उचला, अर्धा मिनिट तळहातात धरा म्हणजे जरा गारवा कमी होईल, मग डोक्याच्या कवचाची बाजूची कड नाकाजवळ आणा. कल्ले त्या कवचाखाली दोन्ही बाजूंना असतात आणि वास तिथेच आधी धरतो.

ताज्या कोळंबीला वास जवळजवळ नसतोच. असलाच तर स्वच्छ खाऱ्या पाण्याचा, किंचित गोडसर. बिघडायला लागली की आधी तो गोडसरपणा जातो आणि काहीच वास न येण्याचा एक टप्पा येतो, मग मासळीचा उग्र वास, आणि शेवटी नाकात टोचणारा अमोनिया. जंतू मांसातली प्रथिनं मोडायला लागले की अमोनिया तयार होतो. तो धुऊन जात नाही. लिंबू, मीठ, हळद लावून वास दबल्यासारखा वाटतो, पातेलं तापलं की परत वर येतो.

एक अपवाद सांगतो. कधीकधी अगदी ताज्या, घट्ट कोळंबीला औषधासारखा, आयोडीनसारखा वास येतो. समुद्रातल्या कोळंबीने शेवाळ आणि समुद्रतळाचे किडे खाल्लेले असतात, त्यांच्यातली ब्रोमिनयुक्त संयुगं मांसात उतरतात. ती नासलेली नसते. चव आवडली नाही तर घेऊ नका, पण घाबरण्याचं कारण नाही.

पाणकणीस

बाकीची लक्षणं थोडक्यात.

डोळे काळे, चमकदार आणि दांडीवर उठून दिसणारे हवेत. सुरकुतलेले किंवा आत गेलेले डोळे म्हणजे कोळंबी सुकली आहे. मिशा आणि पाय शाबूत असले तर हाताळणी नीट झाली आहे. नुसत्या मिशा तुटलेल्या असतील तर त्यावरून काही ठरवू नका, त्या वाहतुकीत सहज तुटतात.

कवच ओलं आणि तुकतुकीत हवं. बुळबुळीत नको. ओलं आणि बुळबुळीत यांतला फरक असा कळतो: दोन बोटांत कोळंबी धरून बोटं एकमेकांपासून दूर करा. नुसतं पाणी असेल तर बोटं स्वच्छ सुटतात, बुळबुळ असेल तर बारीक तार येते.

मग शेपटी पोटाकडे हलकेच वाकवून सोडा. ताजी कोळंबी परत मूळ जागी येते. शिळी वाकवाल तशी पडून राहते. कवचाच्या कडेतून आतलं मांसही दिसतं. ते कवचाला लागून, भरलेलं हवं. मध्ये पोकळी दिसली, कवच सैल अंगरख्यासारखं फिरलं, तर मांस आकसलंय.

शिंपला

काळ्या डागांचं काय? डोक्यावर, पायांच्या मुळाशी काळपट झालेलं दिसलं की मी तरी ढिगाला हातही लावू देणार नाही. काळं पडलं म्हणजे सडलं, एवढं साधं आहे.

क्षारमापक

@शिंपला, इतकं साधं नाही. सविस्तर लिहिते, कारण या डागांवरून चांगली कोळंबी टाकली जाते आणि डाग नाहीत म्हणून वाईट कोळंबी घेतली जाते.

काळे डाग जंतूंमुळे येत नाहीत. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं, तीच ही प्रक्रिया. कोळंबीच्या रक्तात आणि कवचाखालच्या त्वचेत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. हवेतला प्राणवायू मिळाला की ते फिनॉल जातीच्या पदार्थांचं रूपांतर करत जातं आणि शेवटी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होतं. सुरुवात डोक्यापासून आणि कल्ल्यांपासून होते, नंतर पायांची मुळं, कवचाच्या पट्ट्यांमधले सांधे, शेपटीची टोकं. गारव्यात ही क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यामुळे नीट बर्फात ठेवलेल्या, खाण्याजोग्या कोळंबीवरही काही दिवसांत थोडं काळं दिसू शकतं. ते मेलॅनिन खाल्ल्याने अपाय होत नाही.

मग वाचायचं कसं? डोक्यावर आणि सांध्यांच्या रेषांवर फिकट काळसर छटा असेल, सांधा घट्ट असेल आणि वास नसेल तर कोळंबी चालते, फक्त त्याच दिवशी शिजवायची. कवच सोलल्यावर खालच्या मांसावरही डाग उतरले असतील तर सोडून द्या. काळेपणाबरोबर डोकं सैल असेल तर प्रश्नच नाही.

आता याची दुसरी बाजू. डाग येऊ नयेत म्हणून पकडल्यावर कोळंबी सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बुडवतात. ही मान्य पद्धत आहे. कच्च्या कोळंबीच्या खाण्यायोग्य भागात सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबाने किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि शिजवलेल्या कोळंबीत ३० मिलिग्रॅम ही कोडेक्सची (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा. पण सल्फाइट फक्त काळं पडणं रोखतं, जंतूंनी मांस बिघडवणं चालूच राहतं. म्हणजे पाच-सहा दिवसांची कोळंबी दिसायला स्वच्छ आणि वासाला खराब असू शकते. कवचाला पिवळट झाक आली असेल आणि बोट फिरवल्यावर बारीक रेतीसारखं खरखरीत लागत असेल तर द्रावण जास्त झालं असण्याची शक्यता धरा आणि ती घेऊ नका.

मीठमोहर

सल्फाइटबद्दल एक महत्त्वाची भर. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटने धाप लागते. घरात असं कुणी असेल तर पाकिटावर सोडियम मेटाबायसल्फाइट, किंवा ई २२० ते ई २२८ या क्रमांकांपैकी काही लिहिलं आहे का ते वाचा. सुटी कोळंबी घेताना विचारा.

कोळंबीची ॲलर्जी हा निराळा विषय. ती ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनामुळे होते, आणि ते प्रथिन शिजवल्यावरही टिकतं. कितीही ताजी, कितीही नीट शिजवलेली कोळंबी असली तरी ज्याला ॲलर्जी आहे त्याला ती चालणार नाही.

शिंपला

@क्षारमापक, मनापासून आभार. काळं म्हणजे सडलं हे डोक्यातून काढलं. मग गुलाबी दिसणारी कच्ची कोळंबी? ती ताजी म्हणून वेगळी मांडलेली असते.

क्षारमापक

गुलाबी रंग ॲस्टॅझँथिनचा. ते जिवंत कोळंबीत एका प्रथिनाला बांधलेलं असतं, त्यामुळे राखाडी, निळसर, हिरवट दिसतं. उष्णतेने ते प्रथिन उलगडतं, रंग मोकळा होतो, म्हणून शिजवल्यावर कोळंबी गुलाबी-केशरी होते. त्यामुळे एरवी राखाडी असणाऱ्या जातीची कच्ची कोळंबी ठिकठिकाणी गुलाबी झाली असेल तर तिला कुठेतरी ऊब लागली आहे. ऊन, गरम पाणी, किंवा बर्फाविना गेलेला वेळ.

मात्र काही जाती, विशेषतः खोल पाण्यातल्या, मुळातच तांबड्या-गुलाबी असतात. फरक मांसात बघा. मूळ रंग असेल तर गुलाबीपणा सगळ्या अंगावर सारखा असतो आणि कवचाखालचं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. ऊब लागलेली असेल तर रंग तुकड्यातुकड्यात आणि नेमक्या त्याच जागी मांस दुधाळ, अपारदर्शक झालेलं दिसतं.

निळाई

अर्धपारदर्शक मांस ही खूण सोललेल्या कोळंबीलाही लागू पडते का?

दर्यावर्दी

पडते, पण सोललेल्या कोळंबीत फसायच्या जागा जास्त. डोकं नाही, कवच नाही, म्हणजे अर्ध्या खुणा आधीच गेलेल्या. डोकी खराब झाली म्हणूनही डोकी काढली जातात, त्यामुळे कधी आणि का सोलली हे विचारणं रास्त आहे.

बघायची जागा म्हणजे मानेकडचं टोक. ते स्वच्छ आणि घट्ट हवं. तिथे तपकिरी-पिवळे डाग पडले असतील, मांसाचे तंतू सुटून पिंजल्यासारखे दिसत असतील, तर डोक्यातले रस आधीच उतरले आहेत. नंतर सोलून ते लपत नाही.

दुसरं, फुगलेली कोळंबी. दोन प्रकार आहेत. साध्या पाण्यात तासन्‌तास भिजलेली पांढरट, फुगीर होते, कडा सुजल्यासारख्या दिसतात, खाली पाणी साचतं. फॉस्फेटच्या द्रावणात ठेवलेली उलट फार सुंदर दिसते: काचेसारखी चकचकीत, टपोरी, हाताला साबणासारखी निसरडी. फॉस्फेट मांसात पाणी धरून ठेवतं, म्हणजे वजन पाण्याचं आणि दाम कोळंबीचे. माफक प्रमाणात ते गोठवताना ओलावा टिकवायला वापरतात. अति झालं की शिजवताना कळतं. कोरड्या तापलेल्या तव्यावर कोळंबी टाकली की ताजीला रंग चढतो, हिच्यातून पांढरट फेसाळ पाणी सुटतं, ती त्याच पाण्यात उकडते आणि अर्धी होते. चावायला रबरासारखी.

पर्याय असेल तर कवचासकट घ्या आणि घरी सोला. अर्धा किलोला १५-२० मिनिटं जातात, पण काय घेतलं हे नक्की कळतं.

पाणकणीस

किती घ्यायची याचा हिशेब इथेच देऊन ठेवते. डोक्यासकट कोळंबीत वजनाचा ३५ ते ४० टक्के भाग डोक्याचा. कवच, शेपटीचं टोक आणि पाठीतला दोरा (आतडी) काढून हाती साधारण निम्मं मांस येतं. म्हणजे ५०० ग्रॅम सोललेलं मांस हवं असेल तर डोक्यासकट १ किलो धरा, डोकं काढलेली पण कवच असलेली ६०० ग्रॅम. लांब नांग्यांच्या, गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत डोकं फारच मोठं असतं, तिथे निम्म्याहूनही कमी धरा.

पाकिटावरचे ३१/४० वगैरे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते. ३१/४० म्हणजे एक नग ११ ते १५ ग्रॅमचा, १६/२० म्हणजे २३ ते २८ ग्रॅमचा. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. डोक्यासकट माल असेल तर हाच आकडा पुष्कळदा किलोमागे असतो, ते पाकिटावर वाचून घ्यावं. मध्यम, मोठी, जंबो या शब्दांना मात्र ठरलेलं माप नाही, त्यांवर जाऊ नका.

शिंपला

कवच अगदी मऊ, कागदासारखं असलेली कोळंबी म्हणजे शिळी का?

पाणकणीस

नाही. कोळंबी वाढताना कात टाकते. नुकतीच कात टाकलेली असेल तर नवं कवच पातळ आणि मऊ असतं. डोक्याच्या बाजूला बोटाने दाबलं की आत जातं. सांधा घट्ट आणि वास स्वच्छ असेल तर ती ताजीच. पण अशी कोळंबी अंगात पाणी जास्त घेऊन असते, मांस सैलसर लागतं, आणि मऊ असल्यामुळे ढिगाच्या वजनाखाली लवकर चेपते. ढिगात थोडी असेल तर ठीक, बहुतेक तशीच असेल तर दुसरा माल बघा.

मीठमोहर

मांडणी कशी आहे तेही बघा, ते कोळंबीइतकंच बोलकं असतं. खाली बर्फ, वर बर्फ, आणि वितळलेलं पाणी निथळून जायला वाट. कोळंबी वितळलेल्या पाण्यात पोहत असेल तर तिचा गोडवा पाण्यात उतरतो. तो गोडवा मुख्यतः ग्लायसीन या अमिनो आम्लाचा, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. बर्फावर नुसती पसरलेली, वरून उघडी कोळंबी खालून गार आणि वरून कोमट असते. हात लावून दोन्ही बाजू बघा.

दर्यावर्दी

थोडा मतभेद. पकडल्यावर पहिला गारवा देताना बर्फ आणि पाण्याचा काला उत्तम, कारण तो कोळंबीला सगळीकडून लागतो. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात आणि गार व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे बर्फाच्या पाण्यातली कोळंबी सरसकट वाईट म्हणू नका. पाण्यात बर्फ भरपूर असेल, पाणी स्वच्छ असेल तर तो गारव्याचा काला. बर्फ संपत आलाय, पाणी गढूळ आणि फेसाळ झालंय, तर तुम्ही म्हणता तेच खरं.

मीठमोहर

मान्य. गढूळ, फेसाळ पाणी ही खूण मीही धरते.

निळाई

आता गोठवलेल्या पाकिटांवर लिहा कुणीतरी. तिथे ना वास, ना सांधा.

क्षारमापक

हात लावता येत नाही, पण पाकीट पुष्कळ सांगतं.

पाकीट हलवा. सुटी-सुटी गोठवलेली कोळंबी खडखडली पाहिजे. एकच गोळा झाला असेल तर मध्ये कुठेतरी वितळून परत गोठली आहे. पाकिटाच्या तळाशी तपकिरी किंवा गुलाबी रंगाचा बर्फ साचला असेल तर तेच. आतल्या बाजूला खूप मोकळे बर्फाचे कण म्हणजे तापमान वरखाली होत राहिलं. कोळंबीच्या कडांवर खडूसारखे पांढरे, कोरडे डाग म्हणजे तिथला ओलावा उडून गेला. ती खाऊन आजारी पडणार नाही, पण तो भाग शिजल्यावर चिवट आणि बेचव होतो.

हे टाळायलाच कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात. थर हवाच, फक्त त्याचं वजन कोळंबीत धरलेलं नसावं. पाकिटावर बर्फ वगळून निव्वळ वजन लिहिलेलं असतं ते वाचा. घरी पडताळायचं असेल तर गोठलेली कोळंबी चाळणीत घेऊन गार पाण्यात फक्त वरचा बर्फ सुटेपर्यंतच बुडवा, टिपा आणि लगेच तोला. एक किलोच्या पाकिटात ८०० ग्रॅम भरली तर थर २० टक्क्यांचा होता.

आणि घटकांची यादी. कोळंबी, पाणी, मीठ इतकंच असेल तर छान. फॉस्फेट लिहिलं असेल तर वर दर्यावर्दी यांनी सांगितलेलं फेसाळ पाणी अपेक्षित धरा.

माझं स्पष्ट मत: पकडल्याबरोबर गोठवलेली चांगली कोळंबी ही तीन दिवस बर्फावर पडलेल्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा चांगली. पुष्कळदा ट्रेमधली कोळंबी हीच मुळी गोठवलेली, वितळवून मांडलेली असते. त्यात गैर काही नाही, पण ती परत गोठवू नये, म्हणून घेताना विचारायला संकोच करू नका.

शिंपला

वितळवायची कशी? गरम पाण्यात टाकली तर?

क्षारमापक

गरम पाणी नको. बाहेरचा थर ऊब खाऊन पिळपिळीत होतो, आत गोळा तसाच. चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सुटलेलं पाणी खाली निथळतं. घाई असेल तर पिशवीचं तोंड घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा. अर्धा किलोला २०-३० मिनिटं, मध्ये एकदा पाणी बदला. उघडी कोळंबी पाण्यात सोडू नका. वितळली की त्याच दिवशी वापरा.

पाणकणीस

ताजी घरी आणल्यावरचंही लिहिते, कारण चांगली निवडलेली कोळंबी वाटेत आणि घरात बिघडते. बाकीची खरेदी आधी, कोळंबी शेवटी. बाहेर सगळा मिळून दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका, उन्हाळ्यात तर एकच तास. कोळंबीवर असणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू ऊब मिळाली की फार वेगाने वाढतात.

लगेच शिजवणार नसाल तर आधी डोकी काढा, पाचक रसांचं सगळं भांडार तिथेच आहे. कवच राहू द्या. भरभर गार पाण्याने धुऊन निथळा, चाळणीत घालून खाली भांडं, वर ओलं फडकं, त्यावर पिशवीत बांधलेला बर्फ, आणि फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात. एक दिवस चांगली, दोन दिवस ही हद्द.

गोठवायची असेल तर आणल्याच दिवशी, पिशवीत एका थरात पसरून, हवा काढून, उणे १८ अंशांवर. गठ्ठा करून ठेवली तर आतली हळूहळू गोठते, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि वितळताना मांस पाणी सोडतं.

शिंपला

शेवटचा प्रश्न. पाठीतला काळा दोरा जाड दिसला तर कोळंबी शिळी समजायची का?

दर्यावर्दी

नाही. ती आतडी. काळा, जाड दोरा म्हणजे पकडायच्या आधी तिने भरपूर खाल्लं होतं, एवढंच. काढणीआधी उपाशी ठेवलेल्या, शेतीतल्या कोळंबीत तो जवळजवळ दिसतच नाही. शिजवून खाल्ला तर अपाय नाही, पण मोठ्या कोळंबीत रेती दाताखाली येते म्हणून काढायचा. पाठीवर शेपटीकडून दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीच्या फटीत टूथपिक आडवी घालून हळू उचला. ताज्या कोळंबीत दोरा अख्खा निघतो. तुटून, पसरून आजूबाजूचं मांस डागाळत असेल तर आतडी फुटायला लागली आहे, आणि मग परत मानेचा सांधा आणि वास नीट तपासा. पोटाकडून जाणारी दुसरी बारीक पांढरट रेघ दिसते ती मज्जारज्जू, ती काढायची गरज नाही.